पाठमोरा

प्रिय बारक्या,

ताई हाताने पत्र लिहायला बसली म्हणजे एक तर तिचं डोकं फिरलंय किंवा घरातलं इंटरनेट बंद पडलंय, असं तुला वाटेल. इंटरनेट चालू आहे. डोक्याचं मला सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले आहे. हल्ली सकाळी जाग येते तीच ही भीती घेऊन, आणि दात घासताना, भाजी चिरताना, ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधताना ती जागची हलत नाही. तुझ्या भाऊजींना अजून धड सांगितलेलं नाही. तुला सांगायचं म्हणून मी कितीदा फोन लावला आणि दर वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. तोंडाने जमेना, म्हणून लिहिते आहे. मध्येच विषय सोडून भटकले तर ओरडू नकोस. ओरडायचं काम आपल्या घरात माझं आहे.

विषय आपल्या अडगळीचा आहे. परवा मी ती सगळी एकदा डोळ्यांखालून घातली. किती वर्षं झाली रे आपण इंटरनेटवर ते दोघांचं पान सुरू करून, तू तिकडून आणि मी इकडून, रविवारच्या दुपारी एकेक वेडेपणा त्यात टाकतोय. तुझे भाऊजी दिवसातून किती वेळा 'असो' म्हणतात ते मोजणारा प्रोग्रॅम आहे. त्यांना ते कळल्यावर ते दोन दिवस हट्टाने गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांना 'असो'ची उचकीच लागली. माझ्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडून बसली असेल त्याचा अंदाज करणारा आहे. त्याचा अंदाज होईपर्यंत माणूस जिन्याने वर पोचलेला असतो. तुझ्याकडे किटली तापली की माझ्या टेबलावर लागणारा दिवा आहे. कुठला कुत्रा भुंकतोय ते ओळखणारा आहे, तो तुझ्या बायकोच्या शिंकेला कुत्रा समजला आणि तिने आपल्या दोघांशी आठवडाभर अबोला धरला. भाऊजी सुरुवातीला विचारायचे, हे कशासाठी? मी म्हणायचे, उगाच. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. ऑफिसात मी करते ते कुणाला तरी हवं असतं, त्याला तारीख असते, त्यावर कुणीतरी डोळे वटारून बसलेलं असतं. अडगळीत कुणी काही मागितलेलं नसतं. असं केलं तर काय होईल, बघू या, एवढंच. आपली एकही वस्तू आजवर कुणाच्या उपयोगी पडली नाही, याचा आपल्याला कोण अभिमान होता.

पाठमोराही तसाच उगाच केलेला. बाबांचा टायपिंगचा क्लास मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतो, कारण तू तेव्हा टेबलाखाली बसून रिबिनींची रिकामी रिळं फिरवत असायचास. लांबट खोली, दोन्ही भिंतींशी यंत्रांच्या रांगा, आणि टोकाच्या खिडकीशी सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिलेले बाबा. सगळी यंत्रं एकदम खडखडत असताना, मागे न बघता ते म्हणायचे, "तिसरी, डावी करंगळी झोपली का?" आणि तिसऱ्या यंत्रावरची मुलगी दचकून ताठ बसायची. नव्या मुलांना वाटायचं, त्यांना खिडकीच्या काचेत दिसतं. मी एकदा मुद्दाम खिडकी सताड उघडून ठेवली, तरी त्यांनी मलाच पकडलं. प्रत्येकाच्या बोटांना आपली आपली बोली असते, म्हणायचे. आणि ते त्यांचं सरावाचं वाक्य, ज्याच्या नावाने अख्खा क्लास बोटं मोडायचा: 'ढब्बू घोड्याने छत्री झटकली आणि फाटकाबाहेर थेट भरधाव धूम ठोकली.' सगळी अवघड अक्षरं एका घोड्यावर लादलेली. आपण दोघं ते झोपेतही टाइप करू.

बाबा गेल्यावर तूच म्हणालास, त्यांना पाठमोरं जमायचं ते यंत्राला जमतं का बघू या. आवाज ऐकायच्या भानगडीत आपण पडलो नाही. फक्त वेळ मोजायचा: बोट बटणावर किती रेंगाळलं, एका बटणावरून दुसऱ्यावर जायला किती थबकलं. नावही तूच ठेवलंस, आणि मी त्याला अडगळीच्या दारावर बसवला. घोड्याचं वाक्य लिहायचं, ओळख पटली की तो म्हणणार 'या, धाकटे साहेब' किंवा 'या, थोरल्या बाईसाहेब', आणि नाही पटली तर 'आपण कोण?' पहिल्या दिवशी त्याने तुला ओळखलं तेव्हा तू फोनवर लहान मुलासारखा ओरडलास. मी तुला हसले, पण फोन ठेवल्यावर मीच चार-पाच वेळा उगाच आत-बाहेर केलं, कुणीतरी मागे न वळता आपल्याला ओळखतंय म्हणून. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या वाढदिवसाचं. तुला भेट म्हणून मी एक चित्र करायला घेतलं होतं. पाठमोरा आपली प्रत्येक खेप जपून ठेवतो, तेव्हा एवढ्या वर्षांत आपल्या दोघांची बोटं कशी चालली ते दोन रेषांत काढायचं, छापायचं, चौकटीत घालून तुला पाठवायचं. वरती काहीतरी टोमणा लिहायचा होता, म्हातारे झालात वगैरे. रेषा काढल्या. एक रेषा सपाट, कंटाळवाणी. दुसरी बरेच दिवस तशीच सपाट आणि मग हळूहळू उतरत गेलेली. मधे कुठे खड्डा नाही, एखादा वाईट दिवस नाही, नुसता सौम्य उतार. मी तिचे दोन भाग केले, उजवा हात वेगळा, डावा वेगळा. उजवा बऱ्यापैकी जागच्या जागी होता. उतरत होता तो डावा. बोटं बटणावर बसली की उठायला वेळ घेत होती.

आपल्या धंद्यात आकडा विचित्र दिसला की आधी कुणावर संशय घ्यायचा, तर स्वतःच्या प्रोग्रॅमवर. मीही तेच केलं. घड्याळ तपासलं, मोजणीचा भाग पुन्हा लिहून काढला, जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवून त्यावर चालवला. भाऊजींना बसवून घोडा शंभरदा पळवायला लावला, ते बिचारे 'असो असो' करत पळवत राहिले आणि त्यांची रेषा तेवढी सरळ आली. कीबोर्ड जुना झाला असेल म्हणावं, तर कीबोर्ड दोन्ही हातांना सारखाच जुना होतो. चूक सापडत नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चूक सापडावी म्हणून देवाला हात जोडले. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असू दे, ढळढळीत, मूर्खासारखी, चारचौघांत हसं होईल अशी चूक असू दे. नव्हती.

मग मला बाबा आठवले. बाबांना झाला तो कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात दिसतात, आपल्यालाही तेच वाटायचं. बाबांचे हात थरथरले फार उशिरा. आधी त्यांनी यंत्रात कागद चढवायचं सोडलं, तो मुलांकडून चढवून घ्यायला लागले. आपण म्हटलं, बाबा आता साहेब झाले. मग फळ्याशेजारी उभं राहून स्वतः वाक्य टाइप करून दाखवायचे ते बंद झालं, कुणातरी हुशार मुलीला पुढे करायचे. बटणांचे शर्ट कपाटात गेले आणि डोक्यातून घालायचे आले. तू त्यांना तरुण झालात म्हणून चिडवलंस. एका पायाची चप्पल घासत यायची. आई गेल्यापासून मन लागत नाही, वय झालं, थकले, आपण प्रत्येक गोष्टीला एकेक कारण चिकटवून मोकळे झालो. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे बरंच जुनं आहे, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तू औषधं आणायला खाली गेला होतास, तेव्हा मी बाबांना विचारलं, सगळ्यांची बोटं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची ऐकू आली नाहीत? ते म्हणाले, आली की. सगळ्यांत आधी आली. मग सांगितलं का नाही, तर म्हणाले, तुम्ही दोघं घाबरला असता. हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण मला त्यांचा फार राग आला होता आणि आजारी माणसावर रागावल्याची लाज वाटत होती.

तर ती उतरती रेषा. आता तू विचारशील, कुणाची. त्या दुपारी मलाही माहीत नव्हतं. पाठमोऱ्याच्या खेपांच्या नोंदीत मी आपली नावं लिहिलेलीच नाहीत, 'पहिला' आणि 'दुसरा' एवढंच लिहून ठेवलंय, घाईत. उतरती रेषा पहिल्याची होती. पहिला म्हणजे थोरला, थोरली म्हणजे मी. मला दुसरं काही सुचलंही नाही. तेव्हापासून काही दिवस मी काय भोगलं ते कुणाला दिसलं नाही. चहा ओतताना कपाकडे न बघता हाताकडे बघायची. ऑफिसच्या आरशासमोर चालून बघायची, डावा हात हलतो का नीट. कुलूप उघडायला जरा वेळ लागला की ते पुन्हा लावून पुन्हा उघडून बघायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं माझं मन पुढच्या वीस वर्षांचं सगळं एकट्याने चिंतून मोकळं झालं: मला कोण जेवू घालेल, भाऊजींना माझे केस विंचरता येतील का, मी बाबांसारखी वाकडं तोंड करून औषध नाकारेन का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, मी तर कुणी विचारलं नसताना यंत्राला हात दाखवले होते. तुला फोन केले ते याच दिवसांत. मला तुला सांगायचं होतं की बारक्या, मला बाबांचं दुखणं आलंय. आणि तू नेहमीसारखा माझी टर उडवायचास, मग माझ्याने बोलवायचं नाही.

रेषा खरी कुणाची ते कळलं ते सूट बघताना. ओळखताना किती फरक चालवून घ्यायचा त्याचा एक आकडा असतो, त्याला आपण सूट म्हणतो. मी दोघांची सूट बघायला गेले. दुसऱ्याची सूट पहिल्या दिवशी ठेवली तेवढीच होती. पहिल्याची वाढवत, वाढवत नेलेली. आणि बारक्या, मी माझ्यासाठी सूट कधीच वाढवलेली नाही. पहिला तू आहेस. अडगळीच्या दारावर पहिल्यांदा तुलाच लिहायला लावलं होतं, आपल्या घरात प्रत्येक नवी गोष्ट आधी तुझ्याच हातात जायची, हे मी विसरलेच होते. तेव्हा मला काय वाटलं तेही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. मला हायसं वाटलं. खांद्यावरचं ओझं खाली टाकावं तशी मी खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, सुटले बाई. अगदी मोठ्याने. आणि मग ते ओझं कुणावर पडलंय ते कळलं. तेव्हापासून जी भीती बसली आहे तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती. स्वतःसाठी घाबरताना मला निदान माझे हात दिसत होते. तुझे दिसत नाहीत. तू इतका लांब, आणि मी इथे बसून तुझ्या आवाजात काही ऐकू येतंय का म्हणून फोनला कान चिकटवते.

सूट मीच दिली होती. तू मध्यंतरी कुरकुरायला लागलास, ताई, तुझा पाठमोरा बहिरा झालाय, घरच्या माणसाला विचारतो आपण कोण. मी म्हटलं, बरं बाबा, आणि आकडा सैल केला. पुन्हा कुरकुरलास, पुन्हा सैल केला. दरवाजा घासतोय म्हणून रंधा मारावा तसा. आपल्या धंद्यातलं कुणीही तेच करील: माणूस तक्रार करतोय, म्हणजे प्रोग्रॅम चुकला. माणूसच बदलत असेल हे डोक्यात येत नाही, कारण आपल्याला शिकवलेलं असतं की गिऱ्हाईक बरोबर असतं. पाठमोरा तर बाबांच्या वरताण निघाला. त्यांनी ऐकलं आणि गप्प बसले. याने ऐकलं आणि दर आठवड्याला विचारलं. मीच त्याचं तोंड बंद करत गेले.

मग मला एकेक दिसायला लागलं. तू पाठवलेली शेवटची सर्किटची पट्टी आठवते का? तुझं सोल्डरचं डाग देणं म्हणजे मोत्यांची माळ असायची, आणि या पट्टीवर कल्हईचे ढेकळासारखे गोळे, दोन तर एकमेकांना चिकटलेले. मी तुला म्हटलं, बोटांना मेद आलाय का? तू म्हणालास, चष्म्याचा नंबर वाढलाय. पुढच्या वेळी म्हणालास, आता ते बारीक काम नको, कंटाळा आला, तू लिही, मी नुसत्या कल्पना देतो. कल्पना देतो म्हणे. ज्या माणसाने शाळेत असताना घरातलं एकमेव चालतं घड्याळ खोलून ठेवलं होतं, त्याला हाताने करायचा कंटाळा आला आणि मी त्यावर विश्वास ठेवला. कारण विश्वास ठेवणं सोपं होतं. बाबांच्या वेळी लावलेली सगळी कारणं मी पुन्हा झटकून, धुऊन वापरली.

मी बाबांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचेही केस गेले आता. तुझं नाव न घेता ते चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि पाठ केलेलं सगळं धडाधडा बोलून टाकलं. त्यांनी चित्र आडवं-उभं करून बघितलं, कुणी बनवलं विचारलं, कौतुकही केलं, आणि म्हणाले, बाई, मी कागद तपासत नाही, माणूस तपासतो, त्याला आणा. मी विचारलं, तेच असेल का? म्हणाले, असेलही, नसेलही. मानेतली शीर असेल, खांदा असेल, आणखी दहा गोष्टी असतील. वडिलांना होतं म्हणून मुलाला होतंच असंही नाही. आणि तेच असलं तरी तुमच्या वडिलांच्या वेळेसारखं दाराशी उशिरा येऊ नका, लवकर आलं की औषधाने, व्यायामाने माणूस पुष्कळ वर्षं आपलं आपण सगळं करतो. शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतलं. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर बसून रडले. एक बाई थांबली, पाणी हवं का विचारलं, मी मान हलवली तर तिने सगळी बाटलीच दिली.

घरी येऊन मी शेवटचं काम केलं. चित्रात मी गेल्या वर्षापर्यंतच्याच खेपा घेतल्या होत्या. डॉक्टरांना दाखवायला नवं हवं म्हणून अलीकडच्याही घेतल्या आणि रेषा पुढे काढली. आणि बारक्या, रेषा वर गेली. उतरता उतरता एका रविवारी एकदम वर, डावा हात उजव्यासारखा, हलकी, स्वच्छ, तरुण बोटं, आणि तिथून पुढे दर आठवडा तसाच. मी खुर्चीतून उठून नाचले म्हणायला हरकत नाही. भाऊजी धावत आले तर त्यांच्या गळ्यात पडले, बरा झाला, बरा झाला म्हणत. खांदाच असणार, दुखत असणार, आता राहिला दुखायचा. ते बिचारे कोण बरा झाला तेही न कळता माझ्या पाठीवर थोपटत राहिले. मग सवय ती सवय, मी खात्री करायला सूट मूळ जागी आणली आणि पाठमोऱ्याला सगळ्या खेपा पहिल्यापासून पुन्हा ओळखायला लावलं. जुन्या खेपांना तो म्हणाला, या, धाकटे साहेब. उताराला विचारायला लागला, आपण कोण. आणि त्या नव्या, चांगल्या खेपांनाही त्याने तेच विचारलं. मी त्या उलगडून बघितल्या. तुझी बोटं 'ठोकली'मधल्या ठ वर कधीही थांबलेली नाहीत, आजारातसुद्धा नाहीत. बाबांनी शिकवलेल्या कुणाचीच थांबत नाहीत. ही बोटं प्रत्येक ठ आणि ढ पाशी थबकतात आणि चष्मा शोधावा तशी अक्षर शोधतात. बाबांच्या क्लासात न गेलेलं तुझ्या घरात एकच माणूस आहे, आणि तिने आपल्याला कुत्र्याच्या प्रकरणानंतर माफ केलंय असं दिसतं.

तेव्हा मी हे पत्र तुला बातमी द्यायला लिहिलेलं नाही. तुला ती माझ्या आधीपासून ठाऊक आहे. तू रविवारी तिला खुर्चीत बसवतोस, तिच्याकडून घोड्याचं वाक्य लिहून घेतोस आणि मग आत येऊन माझ्याशी चेष्टा करतोस, म्हणजे ताईला कळू नये, ताई घाबरू नये. डॉक्टरांकडे गेला आहेस की नाही, हे मला माहीत नाही. गेला असशील तर ते काय म्हणाले ते मला सगळं हवंय, गाळलेलं, मऊ केलेलं काही नको. गेला नसशील तर मी येत्या गुरुवारी सकाळी तुझ्या दारात उभी आहे, वेळ घेतलेली आहे, रजा टाकलेली आहे, आणि 'काही झालेलं नाही' हे वाक्य मी ऐकणार नाही. मी घाबरणारच आहे रे. ते तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात एवढंच आहे की मी एकटीने घाबरावं की तुझ्याशेजारी बसून. बाबांनी आपल्याला तो हक्क दिला नाही, तू मला दे. बायकोवर रागावू नकोस, मी तिच्यावर रागावलेले नाही. ती ठ शोधत दर रविवारी काय गिळत असेल ते मला समजतंय. अडगळीत लिहिलं असतं तर ते उघडायला पुन्हा तिला बसावं लागलं असतं, आणि हे तूच उघडावंस असं मला वाटलं. पाकीट मी पूर्ण चिकटवलेलं नाही, टोकाला जरासं टेकवलंय फक्त. डाव्या हातानेही उघडेल.

तुझीच,
गुरुवारी येणारी ताई